बौद्ध मंगल परिणय : कालचा, आजचा आणि उद्याचा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना या दोन्ही गोष्टींचा चांगलाच अनुभव आहे. कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भ-खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली माणसे मुंबईत जागा परवडेना म्हणून खाडीच्या या टोकाला येऊन राहिली. खोलीचे हप्ते फिटतात न फिटतात तोच मुलीच्या नाहीतर मुलाच्या लग्नाचा विषय घरात निघतो. मग हॉल कुठला, जेवण कुणाकडे, बँजो की डीजे, फोटोवाला कोण, अशी चर्चा सुरू होते. या सगळ्यामागे इच्छा एकच असते. लग्न असे व्हावे की नवरा-नवरीला ते जन्मभर आठवावे आणि आलेल्या पाहुण्यांनीही नाव काढावे.

ही इच्छा काही चुकीची नाही. पण लक्षात राहण्यासारखे लग्न म्हणजे नेमके कसे लग्न? आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्याचे उत्तर इतिहासातून शोधावे, असे वाटले. कारण आपला मंगल परिणय विधी कुणा पुरोहिताने दिलेला नाही. त्यामागे फार मोठी वाटचाल आहे, आणि ती आपल्या मुलामुलींना ठाऊक असायला हवी.

खाडीपलीकडचा शिलालेख

भाईंदर स्टेशनवरून विरारची लोकल पकडली की खाडीचा पूल ओलांडून गाडी नायगाव, वसईकडे जाते. पुढे नालासोपारा लागते. हे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, हे अनेकांना माहीत आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना तिथेच मिळाला. पुढे १९५६ साली सोपाऱ्याजवळच्या भुईगाव येथे अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेच हे साल.

या नवव्या शिलालेखात काय आहे? त्याचा विषयच मंगलकार्ये हा आहे! आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकार्ये करतात, असे सम्राट सांगतो. त्यांतली पुष्कळशी क्षुल्लक आणि निरर्थक असतात, त्यांचे फळ थोडे, असेही तो म्हणतो. मंगलकार्य करूच नका, असे मात्र तो म्हणत नाही. जरूर करा, पण खरे फळ देणारे मंगल म्हणजे धम्ममंगल, असे त्याचे सांगणे आहे. आणि धम्ममंगल म्हणजे काय, तर दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांशी संयमाने वागणे, श्रमण-ब्राह्मणांना दान.

बावीसशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या खाडीपलीकडे दगडावर कोरलेला हा मजकूर आजच्या लग्नघरात वाचून दाखवावा, इतका ताजा आहे. लग्नात राबणाऱ्या माणसाशी तुम्ही कसे वागता, यावर मंगल ठरते, असाच त्याचा अर्थ नाही का?

आपल्या पूर्वेला काशिमिऱ्यापासून जे राष्ट्रीय उद्यानाचे जंगल सुरू होते, त्याच डोंगररांगेत कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या भव्य जोड्या कोरलेल्या आहेत. त्या दान देणाऱ्या दांपत्यांच्या मानल्या जातात. हे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे. नवरा आणि बायको दोघेही सारख्या उंचीने, शेजारी शेजारी उभे आहेत. पुढच्या वेळी कान्हेरीला सहल नेली की मुलांना हे मुद्दाम दाखवावे.

तथागतांनी गृहस्थांना काय सांगितले?

भगवान बुद्धांनी विवाहाचा विधी ठरवून दिला नाही. विवाह हा गृहस्थांचा आपसातला करार आहे, असेच बौद्ध परंपरा मानत आली. श्रीलंकेत किंवा ब्रह्मदेशात भिक्खू लग्न लावत नाहीत. ते परित्राणपाठ करून आशीर्वाद देतात.

पण गृहस्थांनी संसार कसा करावा, हे तथागतांनी नक्की सांगितले. राजगृहाला सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करीत असे. त्याला भगवंतांनी समजावले की खऱ्या दिशा म्हणजे आईवडील, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण. त्यात पश्चिम दिशा पत्नीची. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला वस्त्रालंकार द्यावेत. पत्नीने घरकाम नीट सांभाळावे, नातलग व सेवकांशी चांगले वागावे, एकनिष्ठ राहावे, मिळकतीचे रक्षण करावे आणि कामात दक्ष असावे. दोघांनाही पाच-पाच कर्तव्ये! त्या काळात पतीलाही बंधने घालणारा उपदेश ही साधी गोष्ट नव्हती. आज आपले बौद्धाचार्य वधूवरांकडून ज्या प्रतिज्ञा वदवून घेतात, त्यांचे मूळ या सिगालोवाद सुत्तात आहे.

लांब उभा राहणारा जोशी

आता आपल्या पूर्वजांच्या लग्नांकडे वळू. मुहूर्त काढायला गावचा जोशी लागायचा, दक्षिणा त्याला द्यावी लागायची, पण विटाळ होऊ नये म्हणून तो मांडवात यायचा नाही. लांबूनच मंगलाष्टके म्हणायचा. लग्ने पोरवयात व्हायची. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात त्या काळातली लग्ने आणि सासरी गेलेल्या लहानग्या सुनांचे हाल मोकळेपणाने लिहून ठेवले आहेत. ते प्रत्येक घरातल्या मुलीने वाचावे.

खुद्द बाबासाहेबांचे लग्न असेच झाले. १९०६ साली, मुंबईत, भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यानंतर रात्री त्या उघड्या जागेत माता रमाईंशी त्यांचा विवाह लागला. एका कोपऱ्यात वऱ्हाडी वराकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडचे. बाबासाहेब तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे, रमाई नऊ-दहा वर्षांच्या. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, तो नोंदणी पद्धतीने. या दोन लग्नांच्या मधल्या काळात समाजात केवढे परिवर्तन झाले, याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आपले लोक लग्नात खर्च करतात म्हणून टीका करणारे पुष्कळ असतात. पण थाटामाटाची ओढ कुठून आली, हेही बघायला हवे. अनेक गावांत अस्पृश्य नवरदेवाला घोड्यावर बसू देत नसत. दागिना, रेशमी काठाचे वस्त्र वापरायला बंदी असे. १९३६ साली जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावी एका अस्पृश्य गृहस्थाने तीर्थयात्रेहून आल्यावर जातभाईंना जेवण दिले. पंगतीत तूप वाढले होते. एवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारून हुसकावले. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात ही घटना नोंदवली आहे. म्हणजे पाहुण्याच्या पानात तूप वाढणे हादेखील आपल्या माणसांच्या हक्काचा प्रश्न होता. तेव्हा पाहुण्यांना पोटभर, चांगले जेवू घालावे असे आपल्या बापाला वाटले, तर त्याला उधळ्या म्हणून मोकळे होऊ नये. त्या इच्छेमागे दोन-तीन पिढ्यांचा अपमान आहे.

सत्यशोधक विवाहापासून नागपूरच्या परिषदेपर्यंत

पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची वाट महाराष्ट्रात प्रथम मोकळी केली महात्मा जोतीराव फुले यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. वधूवरांनी मराठीत, स्वतःच्या तोंडाने एकमेकांना वचने द्यायची, ही त्यातली मोठी गोष्ट. जोतीरावांनी मंगलाष्टकेही मराठीत रचली. आपण काय बोलतो आहोत हे वधूवरांना कळलेच पाहिजे, हा त्यामागचा विचार.

तामिळनाडूमध्ये पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस असेच पुरोहिताविना विवाह सुरू केले. त्यांना कायद्याची मान्यता मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. लोक आधी पुढे जातात आणि कायदा मागून येतो, हे यावरून दिसते.

बाबासाहेबांच्या चळवळीत विवाहाचा प्रश्न नेहमीच होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. हजारो महिला जमल्या होत्या. त्यांच्यापुढे बाबासाहेबांनी सांगितले की मुलांवर लग्न लवकर लादू नका, लग्न ही जबाबदारी आहे. आणि लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्याची दासी म्हणून नव्हे, तर मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे. पुढे हिंदू कोड बिलासाठी त्यांनी किती झीज सोसली आणि ते बिल रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे सर्वज्ञात आहे.

१९५६ : नवा विधी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली आठवी प्रतिज्ञा अशी की कोणताही विधी ब्राह्मणाच्या हातून करून घेणार नाही. प्रतिज्ञा घेऊन लोक गावी परतले. पण पुढच्या लग्नसराईत लग्ने लावायची कुणी आणि कशी?

याचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले होते. महापरिनिर्वाणाच्या आधीच्या अगदी शेवटच्या दिवसांत त्यांनी एका कार्यकर्त्याला पत्राने बौद्ध विवाहाची पद्धत कळवली. ती इतकी साधी की कुणालाही लक्षात राहावी. होम नाही, सप्तपदी नाही. वधू आणि वर यांच्या मध्ये पाटावर किंवा स्टुलावर पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके ठेवायचे. सुताचा धागा पाण्यात सोडून त्याचे एक टोक वधूने, दुसरे वराने हातात धरायचे. मंगलसुत्ताचा पाठ व्हायचा. दोघांनी पांढरी वस्त्रे नेसायची. झाले लग्न!

पाण्याचे मडके आणि सुताचा धागा या गोष्टी परित्राणपाठात बौद्ध देशांमध्ये पूर्वीपासून आहेत. श्रीलंकेच्या लग्नातही वधूवरांची करंगळी धाग्याने बांधून त्यावर पाणी सोडतात. बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेत आणि १९५४ साली ब्रह्मदेशात जाऊन आले होते. पण आपल्यासाठी या मडक्याला आणखी एक अर्थ आहे. ज्या समाजाला पाणवठ्यावर मज्जाव होता, ज्यांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी मार खाल्ला, त्या समाजाच्या लग्नात साक्षीला अग्नी नाही, तर काठोकाठ भरलेले पाणी आहे. आपल्या मुलामुलींना हे समजावून सांगितले, तर ते मडके त्यांना साधे मडके वाटणार नाही.

४ मे १९५५ रोजी स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेने पुढे बौद्धाचार्य तयार केले. दिवसभर गिरणीत, रेल्वेत, नाहीतर कचेरीत काम करणारा साधा माणूस पांढरा सदरा घालून संध्याकाळी लग्न लावू लागला. मुहूर्त गेला आणि रविवार आला. पत्रिकेवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब आले, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ जाऊन ‘आयु.’ आणि ‘आयुनि.’ आले. अक्षतांच्या तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या आल्या. कन्यादान गेले, कारण मुलगी ही दान द्यायची वस्तू नव्हे. गंमत अशी की मागासवर्गीयांच्या सामूहिक विवाहांना साहाय्य देणाऱ्या शासनाच्या योजनेचे नाव मात्र ‘कन्यादान योजना’ ठेवले गेले! साहाय्य जरूर घ्यावे, पण नावातला फरक मुलींना सांगावा.

कायदा काय म्हणतो?

१९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे वधू किंवा वर यांच्या परंपरागत रीतीने विवाह लागला पाहिजे. सप्तपदी सर्वांनाच सक्तीची नाही, ज्यांच्या रीतीत ती आहे त्यांच्यापुरती आहे. नव्याने स्वीकारलेल्या विधीला परंपरा म्हणायचे का, असा वाद कुणी काढू नये म्हणून स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी समाजातून होत आली आहे.

तोपर्यंत आपण दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. विधी पूर्ण व्हावा आणि नोंदणीही व्हावी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले. २०२४ साली त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले की या कायद्याखाली विधी न करता नुसते प्रमाणपत्र घेतले, तर तो विवाह होत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांच्या आत तीन साक्षीदारांसह नोंदणीचा अर्ज द्यावा लागतो. आपल्याकडे ही नोंदणी महानगरपालिकेत होते. उद्या पासपोर्ट, वारसा, पेन्शन किंवा दुर्दैवाने कोर्टाचे काम निघाले, तर हाच कागद मुलीच्या कामी येतो. डीजेचे बिल येत नाही.

आज काय चालले आहे?

१९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. मिठागरांच्या जागी इमारती आल्या, हॉल आले, लॉन आले. आपली मुले शिकली, कमावू लागली, याचा आनंदच आहे. पण लग्नाचे स्वरूप बघता बघता बदलले. आदल्या रात्री हळदीला मोठा खर्च, लग्नाआधीचे फोटो आणि व्हिडिओ शूटिंग, वरात, डीजे. पत्रिकेवर वेळ साडेबाराची आणि वरात हॉलच्या दाराशी येते तीनला. पूज्य भंते किंवा बौद्धाचार्य ताटकळत बसतात. मग घाई सुरू होते, “गुरुजी, जरा आटपा, हॉल सोडायचाय.” पंधरा मिनिटांत गाथा उरकतात. त्या वेळी निम्मे पाहुणे जेवणाच्या रांगेत, नवरा-नवरी फोटोवाल्याकडे बघतात, आणि प्रतिज्ञा माईकवर कुणाला ऐकूसुद्धा येत नाहीत.

हळद लावली म्हणून कुणी धम्माबाहेर जात नाही. घरातल्या आजीला, मावशीला त्या निमित्ताने चार गाणी म्हणायची हौस असते, तेही समजू शकते. प्रश्न वेगळा आहे. ज्या विधीसाठी दोन पिढ्यांनी गावाशी भांडण घेतले, तो विधीच लग्नात सर्वात कमी महत्त्वाचा झाला, हे आपल्याला चालणार आहे का? आणि लग्नासाठी काढलेले कर्ज फेडण्यात त्या जोडप्याची पहिली तीन-चार वर्षे जाणार असतील, तर त्यांच्या आठवणीत सोहळा राहील की हप्ता?

लक्षात राहील असा मंगल परिणय

आपल्या विहारापुरते काही ठरवता येईल. जबरदस्ती नाही, पण विचार व्हावा.

एक, वेळ पाळावी. पाहुणे पनवेलहून, कल्याणहून, गावाहून एसटीने आलेले असतात. त्यांना परतीची गाडी असते. वेळेवर लागलेले लग्न हाच पाहुण्यांचा पहिला मान आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा वरात आणि गाणी आधीच उरकावीत.

दोन, विधीचा अर्थ मराठीत सांगावा. पाली गाथेआधी दोन वाक्ये पुरेत. मीरा-भाईंदरमध्ये आपले शेजारी गुजराती, मुसलमान, ख्रिस्ती, आगरी, उत्तर भारतीय असे सर्व आहेत. ते लग्नाला प्रेमाने येतात. पाण्याचे मडके कशासाठी, पाच प्रतिज्ञा कोणत्या, हे त्यांना कळले तर ते घरी जाऊन सांगतील.

तीन, प्रतिज्ञा वधूवरांनी आधी घरी वाचाव्यात. बौद्धाचार्यांनी लग्नाच्या आठवडाभर आधी दोघांना विहारात बोलावून अर्धा तास बोलावे. आजच्या काळाला धरून प्रतिज्ञेत भर घालता येईल. दोघांची कमाई दोघांच्या माहितीत राहील, घरकाम दोघे मिळून करतील, मुलीचे शिक्षण आणि नोकरी लग्नाने थांबणार नाही. घरातला अधिकार पत्नीच्या हाती देण्याचे वचन तर तथागतांच्या काळापासून आहेच.

चार, हुंडा नाही आणि मानपानाच्या नावाने लपवलेला हुंडाही नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे, पण कायद्यापेक्षा शेजाऱ्याची लाज जास्त काम करते.

पाच, जेवण चांगले असावे, पण प्रकार मोजके असावेत. आणि वाढणारी मुले, भांडी घासणाऱ्या बाया, बँजोवाले, हॉल झाडणारे कामगार यांना पंगतीतले अन्न गरम असताना मिळावे, उरलेसुरले नव्हे. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आईवडिलांनी हीच कामे केली आहेत. अशोकाने सांगितलेले धम्ममंगल ते हेच.

सहा, विहारात एक विवाह नोंदवही असावी. वधूवर, साक्षीदार, बौद्धाचार्य यांच्या सह्या, तारीख आणि महापालिकेच्या नोंदणीचा क्रमांक तीत असावा. पन्नास वर्षांनी आपली नातवंडे ती उघडतील, तेव्हा आपल्या वस्तीचा इतिहास त्यांना तिथेच वाचायला मिळेल.

यांतले काहीही करायला जास्त पैसा लागत नाही. मातीचे एक मडके, हातभर सूत, पांढरी वस्त्रे, शांतपणे बसलेली आपली माणसे आणि दोघांच्या तोंडून स्पष्ट ऐकू येणारी वचने, एवढ्यावर लग्न लागते. बाकी हौस ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे करावी. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी मंगल परिणय आहे, त्या कुटुंबांनी तारीख ठरवतानाच विहाराच्या कार्यकारिणीला कळवावे आणि विधीसाठी पूर्ण एक तास राखून ठेवावा, एवढीच सर्व उपासक-उपासिकांना विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!